पाचवा वेढा

काठीला आठ कड्या आहेत. प्रत्येक कडीचे दोन पाय पिवळ्या रेशमाने काठीला बांधलेले आहेत आणि प्रत्येक बांधणी जिथे संपते तिथे लाल रेशमाची एक बारीक पट्टी आहे. अशा पट्ट्या सोळा. त्यांतल्या पंधरा पट्ट्यांत चार-चार वेढे आहेत, रुंदी एक मिलिमीटर. अगदी शेंड्याजवळच्या पट्टीत वेढे पाच आहेत, रुंदी सव्वा मिलिमीटर. मी भिंगाखाली मोजलेत, एकापेक्षा जास्त वेळा. माझ्या आईची मोजणी चुकलेली मी एवढी एकदाच पाहिली, आणि ती चुकली तेव्हा मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

काठी पहिल्यांदा घरात आली तेव्हा तिला एकही कडी नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यात एका रविवारी दारात एक उंच, उन्हाने रापलेले गृहस्थ उभे राहिले. हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी होतं.

"पटवेकरांचं घर हेच काय?"

"गादी गुजरीत आहे," आई आतून म्हणाली. "दीर असतात तिथं. दागिने ओवायचे असतील तर तिकडं द्या."

"तिथूनच येतोय. तुमच्या दिरांकडं एक तुशी बघितली. दोरा कुठं संपलाय ते काही सापडेना. विचारलं, कुणी बांधली? म्हणाले, मीच. मग मी त्यांच्या पायाकडं बघितलं."

"पायाकडं?"

"पटवेकऱ्याच्या अंगठ्याला दोऱ्याचा वळ पडलेला असतो. त्यांचा अंगठा एकदम गुळगुळीत. मग समोरच्या दुकानात चौकशी केली."

आईने आपला उजवा पाय पातळाखाली ओढून घेतला.

मी सात वर्षांची असताना माझे वडील गेले. त्याआधी आईने त्यांच्या शेजारी बसून रेशमाचं सगळं काम उचललं होतं. नंतर काकांनी सराफ बाजारातली, गुजरीतली गादी सांभाळली, पण हात आईचा होता. दुपारी काका डबीतून मणी, वाट्या, पुतळ्या आणून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ओवलेला दागिना घेऊन जायचे. यात सर्वांत जास्त मंगळसूत्रं असायची. विधवेच्या हातून ओवलेलं मंगळसूत्र कुणी लेकीच्या गळ्यात घातलं नसतं, म्हणून हे कुठे बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. कोल्हापुरातल्या काही हजार बायका आईने बांधलेला दोरा गळ्यात घालून फिरत होत्या आणि त्यांतल्या एकीलाही तिचं नाव ठाऊक नव्हतं.

"मी कुणाला सांगणार नाही," ते गृहस्थ म्हणाले. "मी दिगंबर शिंत्रे. पाटबंधाऱ्यात ओव्हरसीअर होतो, राधानगरीला. मार्चात रिटायर झालो. माझं काम दागिन्याचं नाही."

त्यांनी धोतर उलगडलं. आत कळकाच्या दोन सडपातळ कांबी होत्या, एकमेकींत बसणाऱ्या. मी हातात घेऊन पाहिली तर कांब गोल नव्हती, सहा बाजूंची होती. कळक उभा चिरून, त्याच्या सहा पट्ट्या तासून, सरसाने चिकटवून त्यांनी ती केली होती. मी मोजपट्टी लावून बघितली. सहाही बाजू सारख्या होत्या.

"किती दिवस लागले?" मी विचारलं.

"दीड वर्ष. तुम्ही काय करता?"

"कॉलेजात शिकवते. पदार्थविज्ञान."

"मग तुम्हाला कळेल," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून मला मास्तरीण म्हणायला लागले.

ती माशाची काठी होती. पण गांडूळ लावून गळ टाकून बसायची नव्हे. कोंबड्याच्या मानेच्या पिसांची एक खोटी माशी करायची, ती दोरीच्या टोकाला बांधायची आणि काठी वाकवून वाकवून दोरी अशी फेकायची की माशी पाण्यावर अलगद उतरावी. धरणावरच्या एका जुन्या इंजिनियरने त्यांना हे शिकवलं होतं. भोगावती नदीत खडस मासा आहे, मोठा, खवल्यांचा, आणि तो अशा माशीला येतो.

"मग खाता कसा?" आईने विचारलं. "रस्सा करून?"

"सोडून देतो."

"धरायचा आणि सोडायचा?"

"होय."

"मग जायचंच कशाला?"

शिंत्र्यांनी यावर थोडा विचार केला. "भेटायला," ते म्हणाले.

आई हसली. घरी आलेल्या परक्या माणसासमोर ती हसलेली मला आठवत नव्हती.

त्यांचं म्हणणं असं: दोरी जायला काठीला तारेच्या कड्या लावायच्या असतात आणि त्या रेशमानेच बांधाव्या लागतात. पिवळ्या रेशमाने कडी बांधायची आणि शेवटी लाल दोऱ्याचे चार वेढे. त्यांनी स्वतः एका टाकाऊ कांबीवर एक कडी बांधून आणली होती. ते पाहून आईने नाकाला पदर लावला नाही इतकंच.

"आणि हे लाल कशाला? कडी तर पिवळ्यानं धरलीय की."

"त्याला काम काही नाही. शोभा."

"माशाला दाखवायला?"

"मासा लांब असतो. त्याला नाही दिसत."

"मग कुणाला?"

"धरणाऱ्याला."

आईने त्यांच्या हातातून कांब घेतली, त्यांनी गुंडाळलेला लाल दोरा नखाने उकलला आणि विचारलं, "गाठ मारलीय तुम्ही?"

"मग दोरा राहणार कसा?"

"पटवेकरी गाठ मारत नाही," ती म्हणाली. "शेपूट पोटात घेतो."

पद्धत अशी आहे. शेवटचे काही वेढे घेताना त्यांच्याखाली दुसऱ्या दोऱ्याचा एक फास ठेवायचा. वेढे झाले की दोऱ्याचं टोक त्या फासात घालायचं आणि फास ओढायचा. टोक वेढ्यांच्या खालून सरकत जातं आणि आत लपतं. वरून बघणाऱ्याला दोरा कुठे सुरू झाला, कुठे संपला ते कळत नाही. पण गोंड्याला वीस-पंचवीस वेढे असतात, त्यांच्या दाबाने शेपूट धरून राहतं. चार वेढ्यांच्या पोटात जागाच नसते. फास ओढला की चारही वेढे विस्कटून हातात येतात. त्या दुपारी आईचे तीन वेळा आले.

"मेण लावून बघते."

"मेण नको. त्यावर वॉर्निश धरत नाही."

"कोरडा दोरा? आणि चार वेढे?" तिने कांब बाजूला ठेवली नाही. "ठेवून जा तुम्ही. पंधरा दिवसांनी या."

दर दुसऱ्या रविवारी शिंत्रे राधानगरीहून एसटीने येऊ लागले. कधी करवंदं आणायचे, कधी मध. पायरीवर चपला नीट जोडून ठेवायचे. आई समोर दोन लाकडी घोड्यांवर कांब आडवी टाकून बसायची, रिळाचा दोरा पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यातून ताणून घ्यायची आणि डाव्या हाताने कांब फिरवत राहायची. दोरा फिरत नसे, कांब फिरे. चार वेढ्यांचं तिला जूनमध्ये साधलं. फासाचा दोरा तिने केसाएवढा बारीक घेतला आणि ओढताना वेढ्यांवर अंगठ्याचं नख आडवं दाबून धरलं. शेपूट आत गेलं, वेढे हलले नाहीत.

"झालं," ती म्हणाली.

शिंत्र्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "कुठं संपलाय?"

"शोधा."

त्यांना सापडलं नाही. आईने मुद्दाम दाखवलंही नाही.

सरावासाठी ते एक टाकाऊ कांब आणायचे. खऱ्या काठीवर हात नवरात्रात लावायचा ठरलं होतं, हवा कोरडी झाल्यावर. मधल्या काळात करण्यासारखं काम फारसं नव्हतं, तरी ते येत राहिले. एकदा म्हणाले, "काठीवर करणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. मुठीच्या वर, शाईनं. काठी मी केली, बांधणी तुमची. दोन नावं घालतो."

"माझं नको," आई म्हणाली.

"का?"

"इतकी वर्षं कशावर घातलं नाही. आता माशाच्या काठीवर घालू?"

"मासे काय कुणाला सांगायला जात नाहीत."

"नको म्हटलं ना."

जाताना मात्र दारातून म्हणाले, "जागा ठेवतो दोन नावांची. एक मोकळी राहील."

श्रावणातल्या रविवारी ते छत्री विसरून गेले. ती द्यायला मी एसटी स्टँडवर गेले. गाडी लागायची होती. ते बाकावर सरकून बसले आणि मला बसायला सांगितलं.

"मास्तरीण, मी तुमच्या आईंना एक विचारणार होतो. पण समोर बसलो की त्या दोऱ्याचं काहीतरी विचारतात आणि राहून जातं." त्यांनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "माझी बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. धरणाखाली दोन खोल्या आणि परस आहे, पेन्शन आहे. मालनबाई तयार असतील तर मला त्यांच्याशी लग्न करायचंय. रजिस्टर करू. त्यांनी नाही म्हटलं तर काठी पुरी होईपर्यंत येईन, नंतर येणार नाही. तुम्ही विचाराल?"

"विचारते," मी म्हणाले.

मी विचारलं नाही.

याला कारण होतं असं मला सांगता येईल. काका काय म्हणतील, गुजरीतलं काम तुटेल, माझ्यासाठी स्थळं बघणारे लोक काय विचारतील. ही सगळी कारणं मी त्या रात्री कागदावर मांडावीत तशी मनात मांडली, आणि त्यांतलं एकही खरं नव्हतं. आमचं घर दोन खोल्यांचं होतं. रोज सकाळी सहाला आई माझी वेणी घालायची आणि मग मी तिचा अंबाडा. एकवीस वर्षं. त्या पंधरा मिनिटांत आम्ही काय बोलायचो ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. मला ते तसंच हवं होतं. रोज सकाळी तिची बोटं केसांत असताना मी ठरवायचे की आज सांगू, आणि वेणीला रिबीन लागली की उठायचे.

गणपतीनंतर एकदा आई चहा टाकायला आत गेली तेव्हा शिंत्र्यांनी नुसतंच माझ्याकडे बघितलं.

"आई विचार करतेय," मी म्हणाले.

"करू देत," ते हळूच म्हणाले. "घाई नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मी कपबशा आणायच्या निमित्ताने उठले.

नवरात्रात खऱ्या काठीचं काम सुरू झालं. बुंध्याच्या कांबीला तीन कड्या, शेंड्याच्या कांबीला पाच. कड्यांच्या जागा मी मोजून खुणा केल्या, कारण अंतरं शेंड्याकडे कमी कमी होत जातात आणि ते गणित शिंत्र्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. बुंध्याची पहिली कडी सर्वांत मोठी, तिची बांधणीही लांब, बोटाच्या पेराएवढी. ती सुरू करण्याआधी आई म्हणाली, "पमे, तुझी पेन्सिल दे. टोक काढलेली."

"खूण केलीय मी."

"दे की."

मी दिली आणि वह्या तपासायला आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले तेव्हा पिवळा दोरा अर्ध्यावर आला होता आणि पेन्सिल जमिनीवर होती. आई गुणगुणत होती. मला वाटलं, खूण पुसट झाली असेल.

बुंध्याची कांब दिवाळीनंतर पुरी झाली. हळदीसारख्या पिवळ्या बांधण्या, कडेला कुंकवाची रेघ ओढावी तशा लाल पट्ट्या. शिंत्रे ती वॉर्निशला घेऊन गेले आणि आईने शेंड्याची कांब घेतली.

मार्गशीर्षातल्या एका शनिवारी अकराच्या सुमाराला ते कॉलेजात, माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे. धोतराची गुंडाळी काखेत. तास संपला होता. टेबलावर काचेचं भांडं तसंच होतं. दर वर्षी मी मुलांना एक प्रयोग दाखवते: काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवली की दिसेनाशी होते. दोन्ही पदार्थांचा अपवर्तनांक सारखा असला की प्रकाशाला मधली कड कळत नाही. मुलं टाळ्या वाजवतात.

"मास्तरीण," शिंत्रे म्हणाले, "तुम्हाला दाखवल्याशिवाय राहवेना."

त्यांनी कांब टेबलावर ठेवली. वॉर्निशचा एकच हात झाला होता. हळदीचा रंग पार गेला होता. रेशीम मधाच्या रंगाच्या काचेसारखं झालं होतं आणि त्यातून खालच्या कळकाच्या रेषा दिसत होत्या. माझ्या पेन्सिलीच्या खुणाही दिसत होत्या. मला हे ठाऊक असायला हवं होतं. वॉर्निश धाग्यांमधली हवा बाहेर काढून तिथे जाऊन बसतं आणि त्याचा अपवर्तनांक रेशमाच्या जवळपास असतो. समोर भांड्यात कांडी होती, दर वर्षी मी तेच शिकवत होते, आणि सात महिन्यांत मला एकदाही ते सुचलं नव्हतं.

"रंग गेला," मी म्हणाले. "आधी पातळ लाखेचा हात द्यायला हवा होता."

"रंग जाऊ दे. पहिल्या कडीपाशी बघा. वरच्या बाजूला नाही, मागच्या."

मी कांब फिरवली. रेशमाखाली, सहातल्या एका बाजूवर, पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षरं मोहरीएवढी. मी भिंग घेतलं. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. तिचं अक्षर गोल, शिरोरेघ जरा जास्तच लांब. दोनच शब्द होते.

मालन शिंत्रे.

शाळेतली मुलगी वहीच्या मागच्या पानावर लिहिते तसं. लिहायचं आणि वर रेशमाचे ऐंशी वेढे घ्यायचे, म्हणजे कुणाला कधीच दिसणार नाही. दागिन्यावरचं रेशीम कधी वॉर्निशात बुडत नाही. तिला कसं कळावं?

शिंत्र्यांचे डोळे ओले झाले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "उत्तर असं देतील असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "इतके दिवस विचार केला आणि काय सुंदर उत्तर दिलं. मी वॉर्निश मारल्याशिवाय मला दिसणारच नाही, बघा. तुम्ही सुचवलंत का हे? वॉर्निशचं?"

मी भिंग खाली ठेवलं.

"शिंत्रेकाका, हे उत्तर नाही."

"म्हणजे?"

"मी तिला विचारलंच नाही."

बाहेर शिपायाने तासाची घंटा दिली, व्हरांड्यातून मुलं गेली.

"विचार करतायत म्हणालात."

"खोटं सांगितलं."

"म्हणजे मी विचारलंय हे त्यांना ठाऊकच नाही."

"नाही."

ते स्टुलावर बसले. रागावतील, अशी मी वाट बघत होते. त्यांनी कांबीवर तळहात ठेवला, बरोबर त्या जागी.

"मग हे त्यांनी आपलं आपणच लिहिलं," ते म्हणाले. "कुणी न विचारता." मग म्हणाले, "झाकून ठेवलं होतं त्यांनी. मी हे वाचलेलं नाही. तुम्हीही नाही. मी बांधणी सोडून ती बाजू घासून काढतो आणि रंग गेला म्हणून पुन्हा बांधून मागतो."

"नको."

"त्यांना लाज वाटेल, मास्तरीण."

"घासू नका," मी म्हणाले. "उद्या तुम्ही यायच्या आधी मी तिला सांगते."

"ह्या वेळी खरंच?"

"खरंच."

त्यांनी कांब गुंडाळली. दारात थांबून म्हणाले, "मी तुमच्यावर टाकायला नको होतं ते. मुलीला कुणी असं विचारतं का. चूक माझीही आहे." आणि निघून गेले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी सकाळी आईने माझी वेणी घातली. मी सांगितलं नाही. मी तिचा अंबाडा घातला, तेव्हाही नाही. जेवणं झाली. शिंत्रे दोनला यायचे होते. दीड वाजता आई शेंड्याची कांब घेऊन शेवटच्या पट्टीला बसली. पिवळं सगळं झालं होतं. राहिले होते लाल दोऱ्याचे चार वेढे.

पट्टी चालू असताना तिला उठता येत नाही. दोरा पायात, कांब हातात, ताण सोडला की सगळं सुटतं. मी समोर जाऊन बसले.

"आई, शिंत्र्यांनी तुला एक विचारलंय."

"रंग बदलायचा म्हणत असतील. आता शेवटाला आल्यावर?"

"रंगाचं नाही. त्यांना तुझ्याशी लग्न करायचंय."

कांब फिरत राहिली. तिची मान खालीच होती.

"कधी विचारलं?"

"श्रावणात."

"ह्या?"

"हो."

"तुला सांगितलं, मला विचार म्हणून?"

"हो."

"आणि तू त्यांना काय सांगितलंस?"

"आई विचार करतेय म्हणून."

कांब फिरली. दोरा तिच्या अंगठ्यातून अगदी सावकाश सरकत होता.

"म्हणजे श्रावणापासून मी विचार करतेय."

"हो."

"काय विचार करत होते मी?"

मला खूप दिवसांनी रडू आलं. "माझी वेणी कोण घालेल याचा," मी म्हणाले.

आईने तेव्हा मान वर केली. मला वाटलं होतं ती दुखावलेली असेल. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती त्या नजरेने मी सात वर्षांची असताना, शाळेत जायचं नाही म्हणून मोरीत लपून बसले होते तेव्हा तिने बघितलं होतं.

"अठ्ठावीस वर्षांची घोडी," ती म्हणाली. "कॉलेजात पोरांना शिकवते. केस काप की मग."

"कापू?"

"काप. रोज सहाला उठून माझी बोटं दुखतात."

तिची बोटं कधीच दुखायची नाहीत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तिने टोक फासात घातलं, नख आडवं दाबलं आणि ओढलं. शेपूट आत गेलं. ब्लेडने तिने दोरा कापला. वेढे मोजले नाहीत. मी मोजले, पण गप्प राहिले.

पायरीवर चपला जोडून ठेवल्याचा आवाज आला.

"येऊ का?"

"या की," आई म्हणाली. तिने पदर सारखा केला नाही, पाय झाकून घेतला नाही.

शिंत्रे आत आले. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ते आईसमोर, नेहमीच्या जागी बसले आणि धोतर उलगडलं. बुंध्याच्या कांबीला पहिल्या कडीपाशी रुमाल गुंडाळलेला होता.

"तिथं काय झालं?"

"ओलं आहे अजून," ते म्हणाले. "हात लावू नका."

आईने बाकीची कांब न्याहाळली. "पिवळा गेला की सगळा."

"गेला. वॉर्निशनं जातो म्हणे. मास्तरीण सांगतील."

"तुला ठाऊक होतं?" आईने मला विचारलं.

"ठाऊक असून सुचलं नाही."

"असू दे. वाईट नाही दिसत. मधासारखं दिसतंय." तिने दोन्ही कांबी एकमेकींत बसवल्या. काठी पहिल्यांदाच पुरी झाली, भिंतीपासून दारापर्यंत. तिने ती जरा हलवली तसा शेंडा थरथरला. "आता काय राहिलं?"

"नाव," शिंत्रे म्हणाले. "मग शेंड्याला आणि नावावर वॉर्निशचा हात द्यायचा, की झालं." त्यांनी पिशवीतून शाईची बाटली आणि बारीक टाक काढला. मुठीच्या वर 'दिगंबर शिंत्रे, राधानगरी' असं आधीच लिहिलेलं होतं. त्याखाली बोटभर जागा मोकळी होती. "ही तुमची होती. तुम्ही नको म्हणाला होता."

"तेव्हा म्हटलं होतं."

शिंत्र्यांनी टाक शाईत बुडवला. मनगट गुडघ्यावर टेकवलं. त्यांनी विचारलं ते अगदी सरळ विचारलं, जसं काही त्यांनी कधीच काही वाचलेलं नव्हतं.

"काय घालू? मालन पटवेकर?"

आईने माझ्याकडे बघितलं नाही. शेजारच्या बायका व्हरांड्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या, दार सताड उघडं होतं आणि माझी आई आयुष्यभर हळू बोलणारी बाई. पण ते ती त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

"नाही. मालन शिंत्रे."